बोटीवर परत जेवायला जाऊ नका

दुपारचे बारा वाजत आले की ब्रिजटाउनच्या ब्रॉड स्ट्रीटवरची पाहुण्यांची गर्दी ओसरायला लागते. सकाळी क्रूझवरून उतरलेली माणसं, गळ्यात बोटीचं कार्ड आणि हातात खरेदीची पिशवी, परत धक्क्याच्या दिशेला वळतात. शहर पाहून झालेलं नसतं, भूक लागलेली असते. जेवण बोटीवर आहे, त्याचे पैसे आधीच भरलेत, मग इथे कशाला खर्च करायचा?

या हिशेबाची मला चीड येते. क्रूझच्या गर्दीबद्दल, धुराबद्दल, कचऱ्याबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि बोललं जायलाच हवं. या जेवणाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

आपली मंडळी आता या बोटींवर हमखास भेटतात. न्यू जर्सीला किंवा टेक्सासला मुलाकडे गेलेले आईबाबा असतात, पुण्यामुंबईहून टूरबरोबर आलेले ग्रुप असतात. सान हुआनला नाहीतर फ्लोरिडात बोटीत चढायचं आणि आठवड्याभरात चार-पाच बेटांना पाय लावून यायचं. बार्बाडोस हे त्यातलं पूर्वेच्या टोकाचं बेट. वस्ती पावणेतीन-तीन लाखांची, क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, राजधानी ब्रिजटाउन. भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसाही लागत नाही. तुम्हाला अडवणारं कुणीच नाही. आड येतं ते बोटीवरचं फुकट वाटणारं जेवण.

धंदा कसा चालतो ते बघा. बोट बंदराला माणशी कर देते आणि धक्क्याचा आकार भरते. प्रवासी उतरायच्या आधीच बोटीवर सहली विकल्या जातात: कासवांबरोबर पोहा, कॅटमरानमधून फिरा, रमचा कारखाना बघा. त्या तिकिटातला चांगला मोठा वाटा बोटीकडेच राहतो आणि उरलेल्यात तिथल्या बसवाल्याने डिझेल, ड्रायव्हर, गाईड सगळं भागवायचं. खरेदीचीही तीच तऱ्हा. आदल्या संध्याकाळी बोटीवर कुणीतरी माइक घेऊन सांगतं की हिरे अमुक दुकानात घ्या, घड्याळं तमुक दुकानात घ्या. मग नकाशे वाटतात. त्या नकाशावर नाव यावं म्हणून दुकानदारांनी पैसे मोजलेले असतात. राहणं बोटीवर, खाणंपिणं बोटीवर, नाचगाणी बोटीवर आणि बोटीच्या मागे झेंडा बहुतेक वेळा बहामाचा किंवा पनामाचा. शहराच्या पदरात पडतं ते प्रवासी स्वतःच्या पायांनी बाहेर पडून स्वतःच्या खिशातून खर्च करेल तेवढंच.

कंपन्यांना तेही सोडवत नाही. म्हणून त्यांनी बेटंच ताब्यात घेतलीत. बहामात रॉयल कॅरिबियनचं कोकोके आहे, डिस्नेचं कास्टअवे के आहे. तिथे आरामखुर्ची कंपनीची, शहाळं कंपनीचं, घसरगुंडीही कंपनीची. शाळा सुटल्यावर रस्त्याने जाणारी पोरं नाहीत, मासळीवाली नाही, भांडण नाही, इतिहास नाही. प्रवाशाला खऱ्या शहराची गरजच वाटत नसेल तर बोटीने खऱ्या शहराला का लागावं? आपण दुपारी बाराला परत फिरतो तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आपणच देऊन जातो.

म्हणून ब्रिजटाउन कसं पाहावं ते सांगतो.

बंदराच्या फाटकातून बाहेर पडा. टॅक्सीवाले विचारतील, हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. बार्बाडोसमध्ये नमस्कार-चमत्काराशिवाय बोलायला सुरुवात केली तर ते उर्मटपणाचं समजतात. दुकानात शिरतानाही आधी अभिवादन, मग भाव. शहराचा मध्य चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, रस्ता सपाट आहे, उजव्या हाताला समुद्र आहे. टोपी घाला. लष्करी ठिपक्याठिपक्यांचे कपडे मात्र घालू नका. तिथे नागरिकांना ते कायद्याने मना आहेत, पोरांच्या टी-शर्टसकट.

वाटेत मासळी बाजार लागतो. घाईत असलात तरी इथे थांबा. हा देश उडणाऱ्या माशावर पोसलेला आहे. एक डॉलरच्या नाण्यावरही तोच मासा आहे. बाजारातल्या बायका तो साफ करताना बघाव्यात. मासा हातभरही नसतो, त्यात काटे बारीक आणि पुष्कळ. पातळ पात्याची सुरी पाठीतून फिरते, पंख छाटले जातात, काटा अख्खा निघून येतो आणि फुलपाखरासारखा उघडलेला तुकडा पाण्याच्या बादलीत पडतो. बोलणं थांबत नाही, नजर सुरीवर नसते. मालवण किंवा हर्णैच्या माणसाला ही सफाई लगेच कळेल.

आता एक जुनी गोष्ट. जून २०२४ अखेरीला आपण सगळे या शहराकडे डोळे लावून बसलो होतो. २९ तारखेला केन्सिंग्टन ओव्हलवर आपण दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल, रोहितने तोंडात घातलेलं खेळपट्टीवरचं गवत, सगळं आपल्याला पाठ आहे. लगेच बेरिल चक्रीवादळ आलं. आपल्या वाहिन्यांवर दिवसरात्र एकच बातमी: संघ हॉटेलात अडकला, विमान कधी येणार. त्याच वादळाच्या लाटांनी ब्रिजटाउनच्या मच्छीमार बंदरात बोटी एकमेकींवर आपटल्या, फुटल्या, बुडाल्या. कितीतरी कुटुंबांची रोजीरोटी एका सकाळीत गेली. ती बातमी आपल्याकडे जवळजवळ कुणी दाखवली नाही. ज्या गावात आपण कप उचलला त्या गावाचं काय झालं हे विचारण्याइतकं नातं आपलं नव्हतं. आता तिथे उतरत असाल तर निदान त्या मासळी बाजारात जेवा.

जेवायचं काय? ‘ब्रेड अँड टू’. खाऱ्या कॉड माशाचा चुरा, मैदा, कांदा, पात, मिरची एकत्र करून तळलेल्या दोन फिशकेक आणि त्यांना पोटात घेणारा गोल पाव. वर पिवळा पेपर सॉस. तो जपून घ्या, कोल्हापूरकरांनीही. बरोबर माउबी प्या. झाडाची साल मसाल्यांबरोबर उकळून गोड केलेलं हे पेय आहे, पहिला घोट गोड आणि मागून कडू. राष्ट्रीय पदार्थ म्हणजे कू-कू आणि उडणारा मासा. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात लाकडी पळ्याने घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. आपल्या उकडीच्या जवळ जाणारी चीज आहे. वर माशाचा रस्सा.

त्या फिशकेकमध्ये या बेटाचा सगळा इतिहास आहे. कॉड हा कॅरिबियन समुद्रातला मासाच नाही. तो थंड उत्तर अटलांटिकमधला. न्यूफाउंडलंड आणि न्यू इंग्लंडहून तो खारवून, वाळवून जहाजांनी इथे यायचा आणि त्यातला सगळ्यात हलका माल उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांसाठी असायचा. परतीच्या जहाजात साखर, काकवी आणि रम. मळेवाल्यांना जमिनीचा प्रत्येक तुकडा उसासाठी हवा होता, म्हणून राबणाऱ्याचं अन्नही हजारो मैलांवरून आणायचं. त्या निकृष्ट माशाचं इथल्या बायकांनी जे केलं ते आज रस्त्याच्या कडेला कढईतून गरम गरम मिळतं. बोटीवरच्या बुफेत चाळीस पदार्थ असतील. हा नसतो, आणि असला तरी असा नसतो.

फिशकेकचे पैसे देताना पाच डॉलरची नोट हातात आली तर ती खिशात कोंबू नका, नीट बघा. तिच्यावर फ्रँक वॉरेल आहेत. मार्च १९६२ मध्ये याच शहरात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कानामागे लागला. कवटी फुटली. नुकतीच अठ्ठाविशी पार केलेला माणूस जगतो की जातो अशी अवस्था झाली. शस्त्रक्रियेला रक्त हवं होतं. वेस्ट इंडीजचा कर्णधार असलेल्या वॉरेलनी बाही वर केली. आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले. कसोटी पुन्हा खेळले नाहीत, पण वाचले. बंगालमध्ये आजही क्रिकेट संघटना वॉरेलच्या नावाने रक्तदानाचा दिवस पाळते. पुणेकर बोर्डे आणि नाशिकचे नाडकर्णी यांचं रक्त ज्या प्रसंगात गेलं त्याची आठवण महाराष्ट्रात किती शाळांमधून सांगितली जाते? पाच डॉलरच्या नोटेवर एक क्रिकेटपटू बसवणाऱ्या देशाला माणूस ओळखता येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून जवळ आहे. बाहेर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. आपले लोक जातात, फोटो काढतात आणि ‘इथेच रोहितने’ म्हणून परततात. जावंच. पण स्टँडवरची नावं वाचा: वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन डब्ल्यू, हॉल आणि ग्रिफिथ, ग्रीनिज आणि हेन्स. एवढ्याशा बेटाने एवढी माणसं जगाला दिली. तिथून थोडं पुढे गायिका रिहानाचं लहानपणचं घर आहे. साधं, लहान, रस्त्याला लागून. २०१७ मध्ये त्या रस्त्याला तिचं नाव दिलं. लोक तिथे राहतात, खिडकीतून डोकावू नका.

शहराच्या मध्यात नॅशनल हीरोज स्क्वेअर. इथे २०७ वर्षं ब्रिटिश नौसेनानी नेल्सन उभा होता. लंडनच्या प्रसिद्ध स्तंभाच्याही कितीतरी आधी, १८१३ मध्ये, मळेवाल्यांच्या ब्रिजटाउनने त्याचा पुतळा बसवला, कारण त्याच्या आरमाराने त्यांची साखर राखली होती. १६६१ साली याच बेटावर गुलामांसाठी कायदा झाला. माणसाला मालमत्ता ठरवणारा तो कायदा पुढे जमैकाने घेतला, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाने घेतला. १८१६ मध्ये बुसा या गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला आणि चिरडला गेला. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती मालकांना मिळाली. राबलेल्यांना एक पेनीही नाही, उलट आणखी चार वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली मळ्यावरच काढावी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये नेल्सन उतरवला. बरोबर केलं. वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२१ ला, याच चौकात बार्बाडोस प्रजासत्ताक झाला.

समोर संसदेच्या इमारती आहेत, प्रवाळी चुनखडीच्या फिकट दगडातल्या. दगडाला बोट लावून बघा, जुन्या प्रवाळाची जाळी हाताला लागते. बेटाचा बहुतेक भाग याच दगडाचा आहे. संसद १६३९ पासूनची. खाली खाडीसारखं पाणी आत आलंय, ते कॅरीनेज. पूर्वी इथे शिडाची जहाजं आडवी कलती करून त्यांचा तळ खरवडत. आज तिथे मासेमारीच्या आणि सहलीच्या बोटी असतात. पुलावरून पलीकडे गेलं की बाकं आहेत, सावली आहे, ऑफिसातली माणसं डबे उघडून बसलेली असतात. तिथे बसा. अर्धा तास काहीही ‘पाहू’ नका.

स्वान स्ट्रीट ब्रॉड स्ट्रीटच्या मागे आहे. ब्रॉड स्ट्रीट पाहुण्यांचा, स्वान स्ट्रीट गावाचा. गणवेशाची कापडं, चपला, पातेली, मोबाइलची कव्हरं. इथल्या काही पाट्यांवर गुजराती मुसलमानांची आडनावं दिसतील. आपल्या लोकांना वाटतं, त्रिनिदादसारखेच हेही गिरमिटियांचे वंशज. तसं नाही. बार्बाडोसमध्ये भारतातून मजूर आणलेच नाहीत. बेट लहान, सगळी जमीन मळेवाल्यांची, सुटलेल्या गुलामांना त्याच मळ्यांवर परत जाण्यावाचून इलाज नव्हता. मजूर आयते होते. हे व्यापारी विसाव्या शतकात सुरत जिल्ह्यातून आले, कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन दारोदार फिरले, उधारीची वही ठेवली आणि दर आठवड्याला वसुलीला गेले. जिथे बँक दारात उभं करत नव्हती तिथे त्या वहीवर घरोघरी पडदे आणि चादरी आल्या. आज त्यांच्या नातवंडांची दुकानं आहेत. काही घ्यायचंच असेल तर इथे घ्या, त्या हिऱ्यांच्या नकाशावर नको.

जवळच निधे इस्रायल सिनेगॉग. ब्राझीलमधल्या रेसिफेहून आलेल्या ज्यूंनी ते १६५४ मध्ये उभारलं, १८३१ च्या वादळात पडलं, १८३३ मध्ये पुन्हा बांधलं. २००८ साली आवारातल्या गाड्या लावायच्या जागेखाली त्यांचं जुनं स्नानकुंड सापडलं, अजून पाणी असलेलं. जरूर बघा.

पायात ताकद आणि हातात वेळ असेल तर पांढऱ्या झेडआर व्हॅनमध्ये बसा. नंबरप्लेट झेडआरने सुरू होते म्हणून हे नाव. दक्षिण किनाऱ्याची ११ नंबरची गाडी गॅरिसनवरून जाते. गाणी मोठ्याने, माणसं दाटीने, शाळेची मुलं मांडीवर दप्तर घेऊन. साडेतीन बार्बेडियन डॉलर द्या, म्हणजे अमेरिकन पावणेदोन. गॅरिसनला ब्रिटिशांची छावणी होती. तिच्या मधल्या मैदानावर ३० नोव्हेंबर १९६६ च्या मध्यरात्री या देशाचा झेंडा पहिल्यांदा चढला. शेजारच्या एका घरात जॉर्ज वॉशिंग्टन १७५१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, आजारी भावाला घेऊन राहिला होता. शहर आणि छावणी मिळून २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. समुद्रस्नान हवं तर कार्लाइल बे खालीच आहे, आणि या देशातला प्रत्येक किनारा सगळ्यांसाठी खुला आहे.

धक्क्याकडे परत येताना कठड्यावर ओळीने बसलेली पोरं दिसतील. बोटीवरचे कर्मचारी. दोन-तीन तासांची सुटी, त्यात फुकटचं वायफाय शोधायचं, घरी पैसे पाठवायचे. फिलिपिनो असतात, इंडोनेशियन असतात, आणि गोव्याचे, मुंबईचे, तळकोकणातले असतात. कानावर अचानक ‘आये, जेवलंस काय गो?’ येतं. तिथे दुपारचा एक, वेंगुर्ल्यात रात्रीचे साडेदहा. आई जेवून झोपायला आली असणार, तरी हा विचारतो. सहा-सात-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याची सुटी नाही, आणि बोट बंदरात असतानाही ठरावीक जणांना सुरक्षेसाठी वरच थांबावं लागतं. त्यांच्यातले कितीतरी जण ब्रिजटाउनला अनेकदा लागलेत आणि फाटकाच्या पलीकडे गेलेले नाहीत. त्यांना वेळ मिळत नाही. आपल्याला अख्खा दिवस मिळतो आणि आपण बुफेसाठी परत फिरतो. याचा मला राग येतो.

आता मुंबईतही बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल उभं राहिलंय. परदेशी पाहुणे उतरतील. फोर्टातल्या इराण्याच्या हॉटेलसमोरून, खानावळीसमोरून, वडापावच्या गाडीसमोरून एसी बसमध्ये बसून जातील आणि दुपारी जेवायला बोटीवर परततील. बंदराची आकडेवारी फुगेल. गल्ल्यात काय पडलं ते गाडीवाल्याला विचारा. त्या दिवशी आपल्याला जे वाटेल तेच ब्रिजटाउनच्या फिशकेकवालीला आज वाटतंय.

कॅरिबियनचा मोसम डिसेंबर ते एप्रिल. टूरचं बुकिंग करत असाल तर एजंटला बेटांची संख्या विचारू नका, बोट प्रत्येक बंदरात किती तास थांबते ते विचारा. चार तासांचा थांबा असलेली बेटं सोडा. नऊ-दहा तास मिळतील अशी बोट घ्या. त्या दिवशी बोटीवरची सहल घेऊ नका, सुटायच्या तासभर आधी फाटकाशी या, म्हणजे धावाधाव होत नाही. बार्बेडियन डॉलर जगात दुसरीकडे कुठे चालत नाहीत. दोन द्या, एक अमेरिकन मिळेल, असा भाव १९७५ पासून बांधलेला आहे, पण पुढच्या बेटावर ती नोट कुणी घेत नाही. तेव्हा उरलेले पैसे फाटकाच्या बाहेरच संपवा. तिथे शहाळीवाला असतो, फिशकेकवाली असते.